आळ घेण्याआधी पिंग मोजा



अठरा पापस्थानकं आपण प्रतिक्रमणात म्हणतो. त्यात बारावं कलह आणि तेरावं अभ्याख्यान. अभ्याख्यान म्हणजे समोरच्यानं जे केलंच नाही त्याचा आळ त्याच्यावर घेणं. भांडण वाढलं की आळ यायला वेळ लागत नाही, आणि एकदा आळ आला की भांडण मिटायला फार वेळ लागतो. ही दोन्ही पापं आजकाल घरात कुठून शिरतील सांगता येत नाही. आमच्या घरात ती इंटरनेटच्या तारेतून शिरली.

आजचा विषय थोडा कोरडा वाटेल. ऑनलाइन खेळ नीट चालावा म्हणून घरातल्या नेटची सेटिंग कशी करायची, हा तो विषय. पण ज्यांच्या घरी दहा ते वीस वयाची मुलं आहेत, त्यांनी शेवटपर्यंत वाचावं. मी बी.कॉम. आहे, इंजिनिअर नाही. त्यामुळे जे हिशोबाच्या वहीत मांडता येतं तेवढंच सांगते.

माझा एक नातू इथे नगरला, मुलाचा मुलगा, तेरा वर्षांचा. दुसरा न्यू जर्सीत, मुलीचा मुलगा, बारा वर्षांचा. दोघं मामेभाऊ-आतेभाऊ. भेट दोन-तीन वर्षांतून एकदा. एरवी त्यांचं नातं टिकतं ते रविवारच्या खेळावर. आमच्याकडे संध्याकाळचे साडेसहा, तिकडे सकाळचे नऊ. मारामारीचे, बंदुकीचे खेळ आमच्या घरात नाहीत, हे दोन्ही आयांनी आधीच ठरवलेलं. म्हणून गाड्यांच्या शर्यतीचा खेळ.

दिवाळीनंतर खेळात कुरबुरी सुरू झाल्या. न्यू जर्सीचा म्हणायचा, "मी पुढे गेलो की हा मुद्दाम नेट बंद करतो." नगरचा म्हणायचा, "याची गाडी मध्येच उडी मारून पुढे जाते, यानं काहीतरी चोरटं सॉफ्टवेअर घेतलंय." मुलांची भांडणं मुलांत राहिली असती तर गोष्ट वेगळी. पण ती आयांपर्यंत गेली. लेकीनं फोनवर सुनेला विचारलं, "त्याला हरणं शिकवत नाही का तुम्ही?" सुनेनं उत्तर दिलं नाही, फोन ठेवला. त्यानंतर तीन रविवार फोन आला नाही. नणंद-भावजयीचं आमच्याकडे फार चांगलं आहे, म्हणून तो अबोला मला जास्त जड गेला. दोघींपैकी कुणाचीही बाजू घेतली असती तर दुसरी दुखावली असती.

तेव्हा मला कॉलेजात शिकलेलं बँक जुळवणी पत्रक आठवलं. तुमच्यापैकी ज्यांनी दुकानाचा हिशोब लिहिला आहे त्यांना माहीत असेल. आपल्या रोकडवहीत एक शिल्लक, बँकेच्या पासबुकात दुसरी. नवशिका लगेच म्हणतो, कुणीतरी पैसे खाल्ले. जाणकार म्हणतो, थांबा. आपण चेक दिला त्या दिवशी वहीत लिहिला, तो वटला चार दिवसांनी. बँकेनं खर्च कापला, आपल्याला नंतर कळला. दोन्ही वह्या खऱ्या आहेत, फरक वेळेचा आहे. आधी फरकाची कारणं मांडायची, मग उरलं तर चोर शोधायचा.

ऑनलाइन खेळाचंही अगदी असंच असतं. दोन मुलांच्या दोन पडद्यांवर दोन वेगळी चित्रं असतात. माझ्या नातवानं बटण दाबलं की तो निरोप सर्व्हर नावाच्या मोठ्या संगणकाकडे जातो आणि तिथून उत्तर येतं. या जाण्यायेण्याला जो वेळ लागतो त्याला पिंग म्हणतात. तो मिलिसेकंदात मोजतात, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. उत्तर यायच्या आत पडदा रिकामा ठेवता येत नाही, म्हणून खेळ अंदाजानं समोरच्याची गाडी पुढे सरकवत राहतो. निरोप उशिरा आला की अंदाज चुकलेला दिसतो आणि गाडी उडी मारून खऱ्या जागी येते. पाहणाऱ्याला वाटतं, लबाडी झाली. खरं तर चेक वटायला उशीर झालेला असतो.

आता हा उशीर किती असणार? काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. नगर ते मुंबई साधारण २५० किलोमीटर, जाऊन-येऊन ५००. म्हणजे अडीच मिलिसेकंद. वाटेतली यंत्रं थोडा वेळ घेतात, म्हणून प्रत्यक्षात दहा-वीस लागतात. न्यू जर्सी मुंबईपासून साधारण १२,५०० किलोमीटर. जाऊन-येऊन २५,०००. नुसत्या प्रकाशालाच १२५ मिलिसेकंद हवेत. समुद्राखालच्या तारा सरळ रेषेत नसतात, त्यामुळे प्रत्यक्षात दोनशेच्या वर जातात. हा खर्च कोणताही प्लॅन घेतला तरी टळत नाही.

इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. आमच्याकडेही सुचवलं गेलं की चाळीसच्या ऐवजी दोनशेचा प्लॅन घ्या. पण प्लॅनचा आकडा म्हणजे रस्त्याची रुंदी. रस्ता रुंद केला म्हणून मुंबई जवळ येत नाही. आणि खेळाला रुंदी लागतेच किती? खेळाचे निरोप अगदी चिमुकले असतात. तासभराच्या खेळाला सिनेमाच्या मानानं फारच थोडा डेटा पुरतो. खेळाला हवी असते ती मोकळी आणि एकसारखी वाट.

म्हणून मी जुन्या खातेवहीचं एक कोरं पान घेतलं आणि नातवाला बसवून दोन खाती पाडली, घरखातं आणि बाहेरखातं. कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत, जिला कमांड प्रॉम्प्ट म्हणतात, पिंग हा शब्द लिहून पुढे राउटरचा पत्ता लिहायचा. बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, राउटरच्या खाली चिकटवलेल्या कागदावर सापडतो. जो आकडा येतो तो घरातल्या घरातला उशीर. नंतर तसंच बाहेरच्या एखाद्या ठिकाणाला पिंग करायचं. घरातला आकडा चांगला आणि बाहेरचा वाईट असेल तर दोष बाहेर. घरातलाच वाईट असेल तर कंपनीला फोन करून काही उपयोग नाही.

आमचं घर कापडबाजाराजवळ, जुनं. भिंती हातभर जाड, दगड-मातीच्या. राउटर पुढच्या खोलीत, जिथे तार आत येते तिथे. नातवाची खोली मागे, मध्ये दोन भिंती. घरखात्यातले आकडे असे आले: ४, ६, ८५, ५, १४०, ७. सरासरी पाहिली तर ठीक वाटेल, पण दर थोड्या वेळानं मोठी उडी होती. या चढउताराला जिटर म्हणतात, आणि खेळाला तो सावकाश चालीपेक्षाही वाईट. रोज दहा मिनिटं उशिरा येणाऱ्या बाईशी आपण जुळवून घेतो. कधी वेळेवर आणि कधी तासभर उशिरा येणाऱ्या बाईशी कसं जुळवणार?

यावर पहिला उपाय तार. वायरमन बोलावून राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत लॅन केबल ओढून घेतली, कॅट सिक्स नावाची. लॅपटॉपला ती जोडली आणि आकडे आले १, १, १, १. वायरलेसच्या कितीही सेटिंग केल्या तरी एवढा फरक पडला नसता. ज्यांच्या लॅपटॉपला तारेचं भोक नसतं त्यांना यूएसबीला लावायचा छोटा जोड मिळतो.

तार ओढणं शक्य नसेल तर राउटरमध्ये दोन वाय-फाय असतात ते बघा. २.४ गिगाहर्ट्झचं भिंतीपलीकडे जास्त जातं, पण त्यावर शेजारपाजारचे सगळे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह यांची गर्दी. ५ गिगाहर्ट्झचं मोकळं आणि चपळ, पण जाड भिंतीला हार मानतं. राउटर आणि मूल एकाच खोलीत असतील तर ५. मध्ये भिंत असेल तर २.४ वापरा, आणि सेटिंगमध्ये त्याचा चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी जो कमी गर्दीचा असेल तो ठेवा. हे तीन एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. राउटर कपाटात किंवा टीव्हीच्या मागे कोंबू नका, उंच आणि उघड्या जागी ठेवा.

दुसरा उपाय रांगेचा. पिठाच्या गिरणीत आपण पावशेर नाचणी घेऊन जावं आणि पुढे कुणाचे पन्नास किलो गहू असावेत, तसं राउटरमध्ये होतं. घरातल्या फोननी लग्नाचे फोटो-व्हिडिओ आपोआप वर पाठवायला घेतले की बाहेर जाणारी वाट भरते आणि खेळाचा चिमुकला निरोप त्यामागे ताटकळतो. आमच्याकडे असं चालू असताना बाहेरचा पिंग २० वरून ३०० च्या पुढे गेलेला वहीत लिहिलेला आहे. चांगल्या राउटरमध्ये क्यूओएस किंवा बँडविड्थ कंट्रोल नावाची सोय असते. तिथे खेळाच्या यंत्राला प्राधान्य देता येतं, आणि वर जाण्याचा वेग मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर बांधून टाकता येतो. थोडी वाट मुद्दाम रिकामी ठेवली की राउटरमध्ये रांग साचत नाही. ही सोय नसेल तर फोटो पाठवणं आणि अपडेट रात्री होतील असं फोनमध्ये लावून द्या. फुकट आणि तितकंच गुणकारी.

आता "मुद्दाम नेट बंद करतो" या आळाचं बघू. वहीत मी नेट तुटण्याच्या वेळा लिहायला लावल्या. सहा छप्पन्न, सात दोन, सहा एकोणपन्नास. या वेळा वाचून सूनच म्हणाली, "ही तर मोटर लावायची वेळ." नळाला पाणी आलं की आम्ही टाकीवर चढवायला मोटर लावतो. मोटर सुरू होताना क्षणभर दाब उतरतो. दिव्याला झुळूक लागल्यासारखं होतं एवढंच, पण राउटर बंद होऊन परत चालू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो. लॅपटॉप बॅटरीवर, म्हणून मुलाला काही कळत नाही. शर्यतीचा शेवट साधारण तेव्हाच, आणि तिकडच्याला दिसतं की आपण पुढे गेलो आणि हा पळाला. राउटरला लावायचा छोटा यूपीएस मिळतो, पुस्तकाएवढा. तो लावला. फायबरचं पांढरं यंत्र आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना लावा, एकाला लावून भागत नाही. तुमच्या राउटरला किती व्होल्ट लागतात ते त्याच्या अडॅप्टरवर वाचून मगच घ्या.

वहीचं हे पान मी फोटो काढून लेकीला पाठवलं. सोबत एकच ओळ लिहिली: तुमच्याकडचेही आकडे घ्या. तिनं घेतले. तिच्या दारावरचा कॅमेरा सतत चित्र वर पाठवत होता, आणि जावईबापूंच्या ऑफिसच्या फाइली रविवारी सकाळी जात होत्या. गाडी उडी का मारायची ते कळलं. चोरटं सॉफ्टवेअर वगैरे काही नव्हतं.

उरला अंतराचा प्रश्न. खेळात सर्व्हर कुठला घ्यायचा ते निवडता येत होतं. मुंबईचा घेतला तर आमचा पिंग १८ आणि त्यांचा २३०. अमेरिकेतला घेतला तर उलटं. मुलांनी युरोपातला घेऊन पाहिला. आमचा १३०, त्यांचा ९०. दोघांनाही थोडी झळ, पण कुणा एकाला सगळी नाही. हा निर्णय मुलांचा, मी फक्त आकडे लिहिले.

काय करू नका तेही सांगते. पिंग कमी करतो म्हणणारी ॲप विकत घेऊ नका. डीएनएस बदलल्यानं संकेतस्थळाचा पत्ता लवकर सापडतो, चालू खेळाचा पिंग त्यानं उतरत नाही. व्हीपीएन बहुधा वाट लांबवतो. खेळात एकमेकांचा आवाज जोडला जात नसेल तर कारण बहुतेक वेळा नॅट असतं. एकाच पत्त्यामागे कंपनी अनेक घरं बसवते त्याचा तो परिणाम. त्यासाठी कंपनीला विचारा, पण कुठलासा व्हिडिओ पाहून राउटरची दारं उघडून ठेवू नका. आणि राउटर आला तेव्हाचा पासवर्ड अजून तसाच असेल तर तो आज बदला.

हे सगळं केल्यावरही नेट कधीतरी तुटणारच. घरात तार चांगली असली म्हणून जगातली चांगली राहते असं नाही. याचं मोठं उदाहरण आपल्या महाराष्ट्राच्या लेकीचं आहे. २०२० साली कोरोनात जागतिक बुद्धिबळ संघटनेनं ऑलिम्पियाड ऑनलाइन घेतलं. भारताचा कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी, आणि संघात नागपूरची दिव्या देशमुख, तेव्हा अवघी चौदा वर्षांची. ३० ऑगस्टला रशियाशी अंतिम सामना. पहिली फेरी ३-३ अशी बरोबरीत. दुसऱ्या फेरीत दिव्या आणि केरळचा निहाल सरीन यांचं नेट ऐन डावात तुटलं आणि घड्याळ संपून दोघांचे डाव गेले. त्या दिवशी जगभरच इंटरनेटमध्ये मोठा बिघाड झाला होता. भारतानं दाद मागितली. डाव कुणी जिंकला असता हे कुणालाच ठरवता येत नव्हतं. शेवटी संघटनेच्या अध्यक्षांनी भारत आणि रशिया दोघांनाही सुवर्णपदक दिलं.

पण याची दुसरी बाजूही मुलांना सांगायला हवी. दोनच दिवस आधी, उपांत्यपूर्व फेरीत, आर्मेनियाच्या खेळाडूचं निहालविरुद्ध असंच नेट तुटलं होतं. त्याचा डाव गेला, आर्मेनियाचं अपील फेटाळलं गेलं, आणि रागानं त्यांचा संघ निघून गेला. तेव्हा फायदा आपला झाला होता. नातवाला हे सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादी, म्हणजे आपण जिंकतो तेव्हा नेट ठीक असतं, आणि हरतो तेव्हा खराब." मी काही बोलले नाही. तेरा वर्षांच्या मुलाला स्वतःहून एवढं दिसलं, ते पुरे होतं.

तीच दिव्या २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियात बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. समोरासमोर बसून, तारेविना. तो अंतिम सामना दोघा नातवांनी आपापल्या घरी पाहिला आणि फोनवर एकमेकांना चाली सांगितल्या.

आमच्या घरी आता चार नियम आहेत, दोन्ही घरांना सारखे. खेळ एका सामायिकाइतका, म्हणजे ४८ मिनिटं. त्या वेळात मोटर लावायची नाही आणि मोठ्यांचे व्हिडिओ बंद. खेळाआधी दोघांनी आपापला पिंग एकमेकांना सांगायचा. आणि शर्यत चालू असताना कुणाचंही नेट तुटलं तर ती शर्यत धरायची नाही, परत खेळायची, मग पुढे कोणीही असो.

चौथा नियम मुलांनी स्वतः घातला. गेल्या रविवारी त्याची परीक्षा झाली. न्यू जर्सीकडे वादळ होतं, शेवटच्या फेरीत त्यांचं नेट गेलं. नगरचा पुढे होता, आणि चांगला पुढे होता. त्यानं वहीत वेळ लिहिली, शर्यतीपुढे काट मारली आणि त्यांचं नेट यायची वाट पाहत बसला. मागून सूनबाईनं नणंदेला फोन लावला होता, वादळात सगळे ठीक आहेत ना विचारायला.